‘उगाच’ काढलेले फोटो

मागच्या वर्षी आईबाबांच्या लग्नाच्या फोटोची निगेटिव्ह मिळते का बघायला मी नाशिकच्या मेनरोडच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत गेले होते, शाळेच्या फॉर्मला लागणारे पासपोर्ट फोटो आम्ही सगळी भावंडं तिथेच काढायचो, आणि गेले तर काका दुकान आवरत होते. आवरत म्हणजे कायमचंच. शटर अर्ध्यावर, काउंटरच्या काचेवर बोटभर धूळ, आणि बाहेर ओट्यावर सुतळीने तोंड बांधलेल्या सहा गोण्या. मला वाटलं जुनी बिलंबिलं असतील.

"निगेटिव्ह आहेत गं," काका म्हणाले. "शनिवारी रद्दीवाला येणारे. ब्लॅक अँड व्हाइटला अजून जरा भाव देतात, त्यात चांदी असते ना. कलरला कुत्रं विचारत नाही."

लग्नाची निगेटिव्ह काही मिळाली नाही (ती नंतर आमच्याच माळ्यावर बाबांच्या जुन्या ब्रीफकेसमध्ये निघाली, तो वेगळा विषय), पण शोधता शोधता ड्रॉवरच्या तळातून एक पिवळं पाकीट वर आलं, फोटोपेपरचं, आणि त्यावर बॉलपेनने एकच शब्द लिहिलेला. उगाच.

"हे काय काका?"

"काही नाही, उगाच काढलेले."

साठ-सत्तर प्रिंट होत्या आत. तीनच फोटोंबद्दल सांगते. एकात होळकर पुलावर धो धो पाऊस, एक माणूस सायकल हातात धरून उभा, स्वतः नखशिखान्त भिजलेला, आणि त्याने छत्री धरलीये ती सायकलच्या सीटवर. दुसऱ्यात एक नवरामुलगा, स्थळासाठी काढतात तसला फोटो, सूट स्टुडिओचाच असणार कारण बाह्या आखूड, मागे ताजमहालचा पडदा, आणि ताजमहालच्या खालून दोन अनवाणी पाय बाहेर आलेत, कारण दुकानातला पोऱ्या पडद्यामागे झोपला होता. तिसरा रंगपंचमीचा. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात, रहाड म्हणजे जमिनीतला मोठा हौद, रंगाने भरलेला, त्यात लोक उड्या मारतात. आता रहाडीचा फोटो म्हटलं की उडीच, हवेतला माणूस, उडालेलं पाणी, दरवर्षी पेपरात तोच. काकांच्या फोटोत उडी नाहीच. काठावर चाळीस-पन्नास चपलांचा ढीग आहे, रंग उडून सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या, आणि निथळणारी पाच-सहा माणसं वाकून आपापली चप्पल ओळखायचा प्रयत्न करतायत.

मी तिथेच पायरीवर बसून हसत सुटले. मग सायकलवाल्याचं विचारलं, तर काका म्हणाले, "मीपण विचारलं होतं त्याला. तर म्हणे, मी वाळतो, सीट वाळत नाही."

तर आता भांडण. काकांच्या परवानगीने मी यातले दहा फोटो मोबाईलवर नीट काढून शहरातल्या एका फोटो प्रदर्शनाला पाठवले. (कुठल्या ते जाऊ दे.) विभाग ठरलेले, निसर्ग, वारसा, लोकजीवन, वन्यजीव. तीन आठवड्यांनी फोन आला, माणूस बोलायला अगदी सज्जन, म्हणाले फोटो छान आहेत मॅडम, आम्ही सगळे हसलो, पण थीममध्ये बसत नाहीत, आणि दुसरं म्हणजे यात मेसेज काय आहे? मी म्हटलं तुम्ही हसलात ना. तर म्हणे हो, हसलो, पण ते वेगळं.

हे "ते वेगळं" माझ्या डोक्यातून जात नाही. फोटोने रडवलं तर तो दमदार, थक्क केलं तर कलात्मक, आणि हसवलं तर तो वेगळा, म्हणजे टाइमपास, म्हणजे ग्रुपवर फॉरवर्ड करायचा आणि विसरायचा. माझं म्हणणं असं की ही फार मोठी चूक आहे आपली आणि तिची किंमत त्या सहा गोण्यांत बांधलेली होती.

गंमत बघा, शब्दांच्या बाबतीत आपण असे नाही. मराठीत विनोदाला मानाचं पान आहे. १९४२ चं साहित्य संमेलन नाशिकलाच भरलं होतं आणि अध्यक्ष होते आचार्य अत्रे, १९७४ ला इचलकरंजीत पु. ल. विनोदी लेखकाला आपण खुर्ची देतो, व्यंगचित्रकाराला दिवाळी अंकात पानंच्या पानं देतो. विनोद टवाळाला आवडतो असं सांगून गेलेले समर्थ आमच्या टाकळीलाच बारा वर्षं नंदिनीच्या पात्रात उभे होते, तरी आम्ही त्यांचं तेवढं एक सोडून बाकी सगळं ऐकलं. मग फोटोतच काय अडलं?

मला वाटतं अडलं ते यात, की फोटो आपल्याकडे कला म्हणून आलाच नाही, पुरावा म्हणून आला. फॉर्मला चिकटवायला, स्थळाला पाठवायला, पंचनाम्याला, आधारकार्डाला, आणि शेवटी हार घालून भिंतीवर लावायला. आजीच्या पिढीचे फोटो बघा, सगळे कसे श्वास रोखून उभे, कारण एवढे पैसे भरून दात काय दाखवायचे. पुराव्यात गंमत चालत नाही, कोर्टात कोणी हसत नाही. तो ताठपणा आपल्या डोळ्यांत राहिला आणि आता फोटो फुकट झाले तरी जात नाही.

हे सगळं मला कळायला एक भलताच माणूस कारणीभूत झाला. माझा भाचा कॉलेजरोडला मल्टिमीडियाचा कोर्स करतो, त्याला काकांच्या पाकिटाबद्दल सांगितलं तर म्हणाला, मावशी तू एलियट अर्विट बघितलाय का? नव्हता बघितला. त्याने मोबाईलवर त्याचा एक फोटो शोधून दाखवला. फ्लोरिडा कीज, १९६८. एक बगळा उभा आहे, मान वळवलेली, चोच पुढे, आणि त्याच्या शेजारी एक पाण्याचा नळ. नळाचाही तोच आकार, तीच मान, तीच चोच. बास. एवढंच. फोटोत दुसरं काही नाही आणि मी पाच मिनिटं बघत होते.

मग रात्री दीड वाजेपर्यंत बघत बसले. हा माणूस १९२८ ला पॅरिसमध्ये जन्मला, आईवडील रशियन ज्यू, लहानपण मिलानमध्ये, १९३९ ला घरदार घेऊन अमेरिकेत, म्हणजे हसायला फार कारणं होती असं नाही. १९५३ पासून मॅग्नम या फोटोग्राफरांच्या सहकारी संस्थेत, पुढे तिचा अध्यक्षसुद्धा, २०२३ च्या नोव्हेंबरात पंच्याण्णवाव्या वर्षी गेला. आणि आयुष्यभर कुत्र्यांचे फोटो काढले. म्हणजे इतरही काढले, पण कुत्र्यांचे काय काढलेत! न्यूयॉर्कचा १९७४ चा तो प्रसिद्ध फोटो कुठेतरी तुम्हीपण बघितला असेल, कॅमेरा अगदी जमिनीलगत, उजवीकडे टोपी आणि कोट घातलेलं एवढंसं चिवावा कुत्रं, मधे बाईचे बूट, आणि डावीकडे आणखी दोन पाय, ते आधी माणसाचे वाटतात आणि मग लक्षात येतं की अरे ही दुसऱ्या कुत्र्याची तंगडी आहे, ग्रेट डेनची. कुत्र्यांनी उडी मारावी म्हणून हा माणूस स्वतः त्यांच्यावर भुंकायचा. खरंच. भर रस्त्यात.

माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातला १९९५ चा एक आहे. गोया या चित्रकाराने एकाच बाईची दोन चित्रं काढलीत, एकात ती कपड्यांत, एकात विवस्त्र, आणि दोन्ही शेजारी शेजारी टांगलेली. अर्विटच्या फोटोत विवस्त्र चित्रासमोर पुरुषांचा घोळका, आणि कपडे घातलेल्या चित्रासमोर एकटी एक बाई. पुरुष चित्र कसं बघतात यावर हजार पानी पुस्तक लिहिलं तरी एवढं नेमकं येणार नाही, आणि त्याने फक्त तिथे उभं राहून बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी तो बगळा घेऊन काकांकडे गेले. काकांनी अर्विटचं नाव ऐकलेलं नव्हतं, ऐकून काही वाटलंही नाही. चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ गप्प. मला वाटलं आता म्हणतील छान आहे. तर म्हणाले, "ह्याला आधी नळ दिसला असेल का बगळा?"

मी म्हटलं काय फरक पडतो.

"पडतो तर. आधी बगळा दिसला असेल तर नशीब. आधी नळ दिसला असेल, आणि नळात बगळा दिसला असेल, आणि मग हा बगळ्याची वाट बघत उभा राहिला असेल, तर मग हा माणूस येडा आहे. आपल्यातला."

याला म्हणतात समीक्षा. मी आजवर फोटोवर जे काही वाचलं त्यात एवढा कामाचा प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही. कारण यातच सगळं आलं, गमतीचा फोटो म्हणजे नशिबाने मिळालेली चिल्लर नाही, त्यामागे एक डोळा असतो जो दिवसभर, वर्षानुवर्षं, काही मिळत नसतानाही चालू असतो. गडावरचा सूर्योदय ठरल्या वेळी होतो हो. पहाटे साडेचारला निघा, अंजनेरीला चढा, ट्रायपॉड लावा, सूर्य येणारच आहे. सायकलच्या सीटवर छत्री धरणारा माणूस कुठल्या अ‍ॅपवर सांगत नाही की मी अमुक वाजता पुलावर येतोय.

बरं, आता समोरची बाजू, ती भाच्यानेच मांडली, आजकालची पोरं हुशार आहेत. तो म्हणाला मावशी, जगात एवढं दुःख आहे, अन्याय आहे, आणि कॅमेरा हातात असताना कुत्रे आणि नळ काढायचे ही चैन नाही का?

याला माझं उत्तर अर्विटच्याच एका फोटोत आहे. नॉर्थ कॅरोलायना, १९५०. भिंतीला पाणी प्यायच्या दोन जागा. एकावर पाटी गोऱ्यांसाठी, दुसऱ्यावर काळ्यांसाठी, गोऱ्यांची सोय चांगली, काळ्यांची साधी बारकी, आणि एक काळा माणूस त्या बारक्यावर वाकलाय. आता हा फोटो आणि बगळ्याचा फोटो बाजूबाजूला ठेवून बघा. दोन्हीत पाण्याची जागा आहे. दोन्हीत युक्ती एकच, दोन गोष्टी शेजारी शेजारी, तुमचं तुम्ही बघा. एकात दोन वेगळ्या गोष्टी सारख्या दिसतात म्हणून हसू येतं, दुसऱ्यात सारख्याच तहानेसाठी दोन वेगळ्या गोष्टी केल्यात म्हणून घशाशी येतं. डोळा तोच आहे. ज्याला नळात बगळा दिसतो त्यालाच त्या दोन पाट्यांमधला निर्लज्जपणा एवढा स्वच्छ दिसतो, बाकीचे रोज तिथून पाणी पिऊन जात होतेच की. १९५९ ला मॉस्कोत अमेरिकेचा उपाध्यक्ष निक्सन रशियाच्या ख्रुश्चेव्हच्या छातीवर बोट रोखून बोलतोय तो फोटोही याचाच. १९६३ ला केनेडीच्या दफनाच्या वेळी जाळीच्या बुरख्याआडचा जॅकीचा चेहरा, तोही याचाच. त्यामुळे खट्याळ माणूस गंभीर काम करू शकत नाही हे काही पटत नाही मला, उलट जो कायम गंभीर असतो त्याचं लक्ष निम्मा वेळ स्वतःच्या गांभीर्याकडेच असतं. अर्विटने ऐंशी ओलांडल्यावर आंद्रे सॉलिडॉर नावाचा एक खोटा फोटोग्राफर बनवला आणि त्याच्या नावाने भयंकर कलात्मक, कोणालाही न कळणारे फोटो काढले, फक्त असल्या लोकांची टर उडवायला. ऐंशीनंतर! आपल्याकडे ऐंशीला माणसं सत्कार घेतात.

आपल्याकडेही होमाई व्यारावाला होत्या, १९१३ चा जन्म, नवसारीच्या, शिकल्या मुंबईत जे. जे. मध्ये, पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ ला पद्मविभूषण मिळालं. स्वातंत्र्याच्या वेळचा दिल्लीतला सगळा इतिहास त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. पण मला त्यांचा आवडता कुठला विचाराल तर विमानतळावर उभे असलेले नेहरू, आणि त्यांच्या अगदी शेजारी पाटी, फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. देशाचा पंतप्रधान, पाटी आणि ती पाटी धुडकावून काढलेला फोटो, तिन्ही एकाच चौकटीत. लोकशाहीवरचा याहून चांगला फोटो मला माहीत नाही. पण पाठ्यपुस्तकात होमाईबाईंचे फोटो भेटतील ते झेंडा फडकवतानाचे.

आणि हे आपण फक्त लांबच्यांचं करतो असं नाही, आपल्या घरच्या माणसाचं तर पार करून टाकलंय. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, नाशिकच्या प्रत्येक शाळेची सहल तिथे जाते, माझीपण गेली होती. तिथून मी घरी काय घेऊन आले, तर चित्रपटसृष्टीचे जनक, चित्रपटमहर्षी. महर्षी! म्हणजे दाढी, तपश्चर्या, वगैरे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेला हा माणूस सिनेमाच्या आधी फोटोग्राफर होता, गोध्र्याला स्टुडिओ टाकला होता, तिथे प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. आणि हाच माणूस जादूचे प्रयोग करायचा, नाव काय घेतलं तर प्रोफेसर केळफा. उलटं वाचा. फाळके, केळफा. चाळिशीत कुंडीत वाटाणा पेरून तो रोज थोडाथोडा टिपत बसला, फिल्मवर रोप भराभर वाढताना दिसावं म्हणून, आणि ते दाखवून सिनेमासाठी पैसे उभे केले. १९१३ ला हरिश्चंद्र गाजल्यावर बिऱ्हाड नाशिकला आणलं, आणि पौराणिक चित्रपटांच्या जोडीला काय केलं तर आगकाड्या एकेक सरकवून त्यांना पडद्यावर नाचवलं, आणि पिठाचे पंजे नावाची छोटीशी विनोदी फिल्म काढली. आगपेटीतल्या काड्या घेऊन खेळत बसलेला माणूस, तो माझा नाशिककर. हे मला सहलीत कोणी सांगितलं असतं तर मी सातवीतच फाळक्यांच्या प्रेमात पडले असते, पण सांगितलं नाही कारण मग महर्षीचं काय करायचं.

महर्षी केलं की माणूस खेळायला मोकळा राहत नाही, आणि त्याला बघून शिकणारी पोरंही खेळायची थांबतात. माझा आक्षेप तो आहे.

काकांकडे परत येते. मी त्यांना विचारलं की बारा फोटोंचा रोल, रोल महाग, गिऱ्हाईकाचे पैसे, मग हे उगाच काढायची चैन परवडायची कशी? ते म्हणाले चैन कसली, रोल संपवायला. हे पस्तिशीच्या वरच्यांना लगेच कळेल. कोणाला पासपोर्ट फोटो तातडीने हवे, रोलवर अजून दोन-तीन फोटो शिल्लक, अर्धा रोल धुता येत नाही, मग काका कॅमेरा गळ्यात घालून दुकानाबाहेर यायचे, दहीपुलापर्यंत एक चक्कर, जे दिसेल ते काढायचं आणि परत येऊन रोल धुवायचा. घरोघरीही हेच व्हायचं की, सहलीचा रोल, दोन शिल्लक, चला रे सगळे गच्चीवर, रोल संपवू. आता अल्बम काढून बघा, सहलीचे सगळे फोटो एकसारखे, धबधब्यासमोर रांग, आणि शेवटचे गच्चीवरचे दोनच असे की ज्यात आजोबा खरोखर आजोबांसारखे दिसतात, बनियनवर, दातात काडी घालून.

म्हणजे उगाचला जागा होती. अपघाताने का होईना, प्रत्येक रोलच्या शेपटीला ती जागा होती. आणि आता मोबाईलमध्ये पन्नास हजार फोटो बसतात, एक पैसा लागत नाही, तर ती जागाच गेली, कारण रोल संपतच नाही. बाराला एक उगाच निघायचा, आता पन्नास हजाराला एक निघत नाही. सगळं ठरवून. द्राक्षाच्या मळ्यात प्री-वेडिंग, तोच पांढरा गाऊन, तोच उलट्या हाताने ओढत नेणारा नवरा. मिसळीचा वरून फोटो, पापड डावीकडे. गोदेला पूर आला की नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. आता हे पूर मोजायचं माप खरं तर जगातलं सगळ्यात गमतीशीर माप आहे, धरणातून किती क्युसेक सोडलं ते सांगा, आम्ही विचारणार मारुतीच्या कुठपर्यंत आलं. २०१९ च्या पुरात मीपण गेले होते बघायला, शेकडो लोक, शेकडो मोबाईल, सगळे मारुतीकडे रोखलेले, आणि एकानेही पाठ फिरवून त्या शेकडो वर केलेल्या हातांचा फोटो काढला नाही. मीही नाही. काकांनी काढला असता.

हां, एक धोका आहे आणि तो मान्य करायलाच हवा. गमतीचा फोटो आणि टिंगलीचा फोटो यातली रेघ बारीक आहे. गोदाघाटावर अंघोळ करणाऱ्या बायकामाणसांचे, ओट्यावर पडलेल्या दारुड्याचे, बाजारात भांडणाऱ्या कोणाचे फोटो काढून वर दोन ओळी टाकायच्या आणि व्हायरल करायचं, याला मी गंमत म्हणत नाही, हा रॅगिंगचाच प्रकार आहे. मी काकांना विचारलं तुम्ही कसं ठरवायचा, तर त्यांचा नियम साधा होता, तो माणूस उद्या दुकानात आला तर त्याला हा फोटो काउंटरवर ठेवून दाखवता येईल का. येत असेल तर प्रिंट काढायची, नाहीतर निगेटिव्ह पाकिटातच. पडद्यामागच्या पोऱ्याने म्हणे त्याच्या पायांच्या फोटोची कॉपी गावी नेली होती आईला दाखवायला, ताजमहालला जाऊन आलो म्हणून. अर्विटचंही तेच, तो हसतो त्यात तो स्वतः सामील असतो, भर रस्त्यात कुत्र्यावर भुंकणारा माणूस दुसऱ्याला काय हसणार.

तर माझं मागणं फार नाही. २०२७ चा सिंहस्थ आलाच, रस्ते खोदून ठेवलेत, घाटांची कामं चालू आहेत, आणि त्यासोबत फोटोंच्या स्पर्धा, प्रदर्शनं, कॉफी टेबल पुस्तकं सगळं येणार. ड्रोन उडणार, जटा, चिलीम, डुबकी, सूर्याला अर्घ्य, सगळं पुन्हा एकदा. येऊ दे, भव्य असतंच ते. पण २०१५ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. हरवू नये म्हणून सात-आठ खेडवळ बायकांनी एकमेकींच्या पदरांना गाठी मारलेल्या, आगगाडीच करून चालल्या होत्या, आणि पहिली मधेच चहाच्या गाडीकडे वळली तर शेवटचीला कळायच्या आत अख्खी रांग चहाला. तिला चहा नको होता, ती ओरडत होती मला नको गं मला नको गं, पण आली. माझ्यासाठी कुंभ म्हणजे तो सीन आहे. आणि त्याचा फोटो कुठेच नाही, कारण तो वारसा नाही, निसर्ग नाही, आणि वन्यजीव तर नाहीच. प्रत्येक स्पर्धेत एक विभाग ‘उगाच’ नावाचा ठेवा एवढंच म्हणतेय मी. मेसेज विचारू नका. परीक्षक हसला तर पास.

आणि दुसरं, ते जास्त घाईचं. नाशिकमध्ये, आणि नाशिकच कशाला, निफाड, सिन्नर, येवला, मालेगाव, प्रत्येक बाजारपेठेत असा एखादा स्टुडिओ बंद होतोय आणि त्याच्या ओट्यावर गोण्या बांधून ठेवल्यात. शिकागोत व्हिव्हियन मायर म्हणून एक बाई होती, लोकांची पोरं सांभाळायचं काम करायची, सुट्टीत फोटो काढत फिरायची, कोणाला दाखवले नाहीत. भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यातून निगेटिव्ह निघाल्या, एक लाखाच्या वर. आज जग तिला ओळखतं. आणि तीही खट्याळच होती, आरशात, काचेत, भिंतीवरच्या सावलीत सगळीकडे स्वतःलाच पकडत बसायची. तिच्या वेळेला लिलावात घेणारा कोणीतरी निघाला. आपल्याकडे शनिवारी रद्दीवाला येतो आणि तो बिचारा चांदीचा भाव बघतो, त्याची काय चूक. सार्वजनिक वाचनालय आपण १८४० पासून चालवतोय, छापलेला कागद कसा जपायचा हे या गावाला बरोबर माहीत आहे. निगेटिव्ह जपायला त्याहून वेगळं काही लागत नाही, कोरडी जागा लागते आणि कोणाला तरी ते जपण्याजोगं वाटावं लागतं.

सहापैकी दोन गोण्या मी घरी आणल्या. चार गेल्या, मी शनिवारी पोचेपर्यंत टेम्पो भरला होता. स्कॅनर नाही, त्यामुळे भाच्याने जुगाड केलाय, एका मोबाईलवर पांढरा स्क्रीन, त्याच्यावर दोन बोटं उंच काच, काचेवर निगेटिव्हची पट्टी, आणि वरून दुसऱ्या मोबाईलने फोटो, मग रंग उलटे करायचे. काच थेट स्क्रीनवर ठेवली तर स्क्रीनचे ठिपके उमटतात, हे कळायला आमचा एक रविवार गेला. रोज रात्री जेवणानंतर वीस-पंचवीस पट्ट्या होतात, त्यात तेवीस पासपोर्टच असतात, हे पण खरंय. बऱ्याच निगेटिव्ह आंबल्यात, गोणी उघडली की भपकन व्हिनेगरसारखा वास येतो, आणि आईची रोज कुरकुर, की गॅलरी अडवून ठेवलीये, वास मारतोय, लोणचं नासल्यासारखं. काल मात्र मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर तीच एक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरून उभी होती. बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "हे काय गं, ह्यात तर लहान पोरांचेपण केस पांढरे, आणि आजी एकटीच तरणी."